चार स्नेअर आणि सासऱ्यांचा कान

माझा ड्रमसेट माझ्या घरात राहत नाही. तो माझ्या सासुरवाडीला, जूचंद्रला राहतो, आणि दर रविवारी मी त्याला भेटायला जातो. जावई आपल्या हातच्या कोलंबीच्या कालवणासाठी एवढा धावत येतो, असा सासूबाईंचा बरीच वर्षं समज होता. तो मी मोडला नाही. कालवणही चांगलंच असतं.

आठवडाभर मी अंधेरीच्या एका ऑफिसात विम्याचे दावे तपासतो. सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये वाजवतो. बँड म्हणजे आम्ही पाच जण. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांतली लग्नं, साखरपुडे, चर्चच्या सणाच्या संध्याकाळी. कीबोर्डवर आमचे सर असतात. ते आगाशीच्या पलीकडच्या एका वाडीत राहतात आणि मी शिकलो त्या शाळेत संगीत शिकवायचे. आमचं घर मूळचं कोकणातलं, घरात कुणी वाद्याला हात लावलेला नव्हता. मी वर्गात बाकावर सारखा ठेका धरतो अशी तक्रार गेली, तेव्हा सरांनी शिक्षा म्हणून मला हॉलमधल्या ड्रमसेटमागे नेऊन बसवलं. ती शिक्षा अजून चालू आहे.

लग्नानंतर आम्ही वसईत फ्लॅट घेतला. मला तिथे वाजवता येईल अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ड्रमवर रबराची आवरणं घातली, मोठ्या ड्रमच्या पोटात जुनी गोधडी कोंबली. तरी तक्रारी आल्या. मग मी इलेक्ट्रॉनिक सेट आणला. त्यात आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये येतो, बाहेरच्याला काही ऐकू येत नाही. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. फार सभ्य माणूस.

"आवाज अजिबात येत नाही," ते म्हणाले. "पण आमचा पंखा हलतो. वहिनी पाय आपटत असतात का?"

बायकोवरचा आळ काढावा म्हणून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आत बोलावून वाजवून दाखवलंही. तोवर आपल्या डोक्यावर ड्रम वाजवणारा माणूस राहतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर त्यांना आवाजही यायला लागला, मी ऑफिसात असताना सुद्धा.

तेव्हा बायको म्हणाली, "बाबांच्या मागच्या खोलीत ठेव की. तिथे कोण ऐकणार आहे?"

ती जूचंद्रची. त्यांची खाडीकाठची भातशेती होती. आता बरीचशी जमीन गेली, मागे थोडा भाजीपाला उरला आहे. घरामागच्या खोलीत पूर्वी भाताची पोती असायची. सासऱ्यांनी लगेच होकार दिला. "आना की. खोली मोकलीच हाय. नायतर उंदरांनाच भाड्यानी दिलीय."

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते उमेदीत गावात ढोलकी वाजवायचे. भजनाला, गौरीच्या नाचाला, कुणाच्या हळदीला. पुढे हात दुखायला लागले तसं वाजवणं सुटलं, पण कान सुटला नाही. आजूबाजूच्या गावांतून कुणाला नवी ढोलकी घ्यायची असली की तो माणूस ती घेऊन त्यांच्या ओट्यावर यायचा. सासरे ढोलकी मांडीवर घेत, अंगठ्याने कातडं दाबत, एका बाजूला टिचकी मारत, दुसऱ्या बाजूला थाप देत आणि मान थोडी वाकडी करून गप्प बसत. मग म्हणत, "घे" किंवा "नको." याच्यावर कुणी अपील करत नसे.

माझा पहिला सेट मी एका हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाकडून जुना घेतलेला होता. लाल रंगाचा, ठिकठिकाणी पोपडे निघालेला, आणि त्याच्याबरोबर पोलादी स्नेअर. स्नेअर म्हणजे वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे असतो तो ड्रम. त्याच्या खालच्या अंगाला बारीक तारांची एक पट्टी ताणून बसवलेली असते. वरून काठी पडली की त्या तारा थरथरतात, आणि त्या थरथरीमुळेच स्नेअर स्नेअर वाटतो. तारा काढल्या तर उरतो डबा.

तो सेट मागच्या खोलीत लागला त्या दिवशी सासरे दारात उभे राहून ऐकत होते. मी थांबलो. त्यांनी मान वाकडी केलेलीच होती.

"तो मधला," ते स्नेअरकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याची खरखर झ्याक हाय. सुपात तांदूल घोलवल्यावानी."

मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. या विषयावर मोबाइलवर शेकडो लोक बोलत असतात. मोठमोठे हेडफोन घालून ते सांगतात की मेपलच्या लाकडाचा आवाज उबदार असतो, बर्चचा मोकळा, पोलादाचा धारदार, पितळेचा श्रीमंत. मी रात्री जेवताना हे सगळं ऐकत असे. उबदार म्हणजे काय ते मला कधी नीट कळलं नाही. वसईत मे महिन्यात कुणालाही आणखी ऊब नको असते. पण सुपातला तांदूळ मला कळला. त्या दिवसापासून स्नेअरच्या बाबतीत मी सासऱ्यांचं ऐकायचं ठरवलं.

दोन-तीन वर्षं छान गेली. मग एका रविवारी ते दारात आले आणि म्हणाले, "जावयबापू, तारा ढिल्या झाल्यान का?"

मी वाकून बघितलं. ढिल्या नव्हत्या. तरी पिळून घट्ट केल्या आणि वाजवून दाखवलं.

"नाय. नुसता ठक ठक करतंय. डब्यावानी."

पुढच्या रविवारी मी तारांची नवी पट्टी बसवली. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि नकारार्थी हलवली. मी वरचं कातडं बदललं, मग खालचं. कातडं म्हणायची पद्धत, असतं प्लास्टिकच. काही फरक नाही. गंमत म्हणजे मला स्वतःला खरखर ऐकू येत होती. पण ज्या माणसाच्या शब्दावर अख्खी पंचक्रोशी ढोलक्या विकत घेते, त्याला येत नाही म्हटल्यावर मी माझ्याच कानावर शंका घेतली. ड्रम वाजवणाऱ्यांचे कान लवकर जातात असं मी कुठेतरी ऐकलं होतं. महिनाभर मी वाजवताना कानात कापसाचे बोळे घातले.

शेवटी निष्कर्ष काढला की पोलाद थकलं. मुंबईत वाद्यांच्या दुकानात गेलो. विक्रेत्याने मेपलचा स्नेअर काढला आणि म्हणाला, "सर, ये बहुत सेन्सिटिव्ह है. आप इसके सामने खांसोगे तो भी बजेगा." मी खोकून पाहिलं. खरोखरच तारा कुजबुजल्या. घेतला.

सासऱ्यांनी लाकडावरून हात फिरवला. "काम चांगला केलाय. बाबा रे, किती गुलगुलीत!" मग मी वाजवला. त्यांनी मान एका बाजूला वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"पन खरखर कुठं हाय?"

मेपलनंतर बर्च आला. मग पितळी. प्रत्येक वेळी मी तो आधी बँडमध्ये नेत असे, आणि सर एक गाणं झालं की मागे वळून म्हणत, "मस्त." पोलादीला ते मस्त म्हणाले होते, मेपललाही मस्त, बर्चलाही मस्त. पितळीला तर त्यांनी मागे वळायचेही कष्ट घेतले नाहीत, पुढे बघूनच मस्त म्हणाले. मला त्यांची काळजी वाटायला लागली. वय झालं, कान गेला असणार. इतकी वर्षं संगीत शिकवलेल्या माणसाचं असं व्हावं, म्हणून मी घरी बायकोजवळ हळहळलो सुद्धा. ती भाजी निवडत होती. "अच्छा," एवढंच म्हणाली.

पितळी स्नेअरला शेवटी मी दुप्पट रुंद तारांची पट्टी बसवली. आता खरखर कुठे जाते बघू, असं म्हणून. त्याच शनिवारी पाचूबंदरला लग्न होतं. किल्ल्याच्या जवळ, होड्या ओढून ठेवतात त्याच्या बाजूला मांडव. पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला नवरीचा मामा स्टेजजवळ आला आणि साउंडवाल्याला म्हणाला, "तुजा स्पीकर फाटलाय रे." साउंडवाला स्पीकरला कान लावून उभा राहिला. गाणं संपल्यावर सर पहिल्यांदाच पूर्ण मागे वळले.

"बाळा," ते म्हणाले, "मागे पापड तळतोयस काय?"

मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, यांना काय कळणार.

दुसऱ्या दिवशी तोच स्नेअर घेऊन जूचंद्रला गेलो. सासऱ्यांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. "हां. आता थोडा येतंय. पन कमीच हाय."

मी मागच्या खोलीत तारा आणखी आवळत बसलो. बायको आमच्या मुलीला घेऊन अंगणात होती. सासूबाई शेजारी गेल्या होत्या आणि जाताना सासऱ्यांना सांगून गेल्या होत्या की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. सासरे स्वयंपाकघराच्या दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. थोड्या वेळाने जळका वास आला. सासूबाई परत आल्या आणि त्यांचा आवाज खोलीपर्यंत पोचला.

"शेजारी मना शिट्या ऐकू आल्या! तुमी हितं बसून काय कानान बोले घातले व्हते?"

"शिटी झालीच नाय," सासरे शांतपणे म्हणाले. "यो कुकर पन बिघरला. पयल्यासारखाच."

तेव्हा मला कळलं की 'पयला' कुकर शिट्टी देत नाही म्हणून टाकून दिला होता आणि हा नवीन होता. दाराची बेलही बदलली होती, तीसुद्धा वाजत नाही म्हणून. मी काठ्या हातात घेऊन तिथे आलो तर बायको अंगणाच्या दारात उभी होती. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चल," ती म्हणाली. "बाबा, तुमी पन या."

मागच्या खोलीत तिने त्यांना स्टुलावर पाठ करून बसवलं. स्नेअरच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती पाडली की तारा सुट्या होतात आणि नुसता डबा वाजतो. बायकोने खुणेने मला कळ वर करायला लावली. मी वाजवलं. मग तिने कळ खाली केली. मी पुन्हा वाजवलं.

"बाबा, कवा तारा व्हत्या नि कवा नव्हत्या?"

सासऱ्यांनी मान वाकडी करून विचार केला. "दोनी वेला नव्हत्या," ते म्हणाले.

इतके दिवस मी ज्याच्यासाठी वणवण केली त्याचं उत्तर मिळालं होतं आणि मला ते नको होतं. सासरे वळले, आमची तोंडं पाहिली.

"काय झाला?"

"बाबा," बायको म्हणाली, "पयल्या वेलेला तारा व्हत्या."

ते उठले. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "परत वाजवा." मी कळ वर करून वाजवायला लागलो. त्यांनी वाकून स्नेअरच्या खालच्या अंगाला तळहात लावला आणि तसेच उभे राहिले. मी थांबलो नाही.

"हाय," ते शेवटी म्हणाले. "खरखर हाय."

वसईला कान तपासायच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. तिथल्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेरून आम्हाला दिसत होतं: सुरुवातीला ते पटापट बटण दाबत होते, मग नुसतेच समोर बघत बसले, अतिशय लक्षपूर्वक. तिने नंतर समजावलं की जाड आवाज अजून चांगले येतात, बारीक आवाज गेले आहेत. शिट्टी, बेल, लहान मुलांचं बोलणं. हे वयाने होतं आणि हळूहळू होतं, म्हणून ज्याचं जातं त्याला कळत नाही.

सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. "नि ढोलकी?"

"जाड बाजू ऐकू येईल काका. दुसऱ्या बाजूची टिचकी कमी येईल."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हनजे इतकी वरसं मी लोकांना कंच्या ढोलक्या घ्यायला लावल्या?"

याचं उत्तर खरं तर सगळ्या परिसराला ठाऊक होतं. मधल्या वर्षांत आलेल्या ढोलक्या भयंकर किरकिऱ्या वाजायच्या. भजनात शेजारी बसलेला माणूस कानावर हात ठेवायचा. आता पूर्वीसारखं कातडं मिळत नाही, असं सगळे एकमेकांना सांगायचे. सासऱ्यांनी निवडलेल्या म्हटल्यावर ढोलकीला नावं कोण ठेवणार? कातड्याला ठेवली.

कानाचं मशीन आलं. पहिले काही दिवस घरात मोठी उलथापालथ झाली. सासऱ्यांना पंखा ऐकू आला, प्लास्टिकची पिशवी ऐकू आली, स्वतःच्याच चपला ऐकू आल्या. नातीने त्यांच्या कानाशी येऊन आख्खी कविता म्हणून दाखवली आणि ती त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावली. पण सगळ्यात पंचाईत सासूबाईंची झाली. भांडी घासताना नवऱ्याबद्दल अर्ध्या आवाजात बोलायची त्यांना सवय जडली होती. इतकी वर्षं त्यावर काहीच उत्तर येत नसल्यामुळे त्या बऱ्याच मोकळ्या झाल्या होत्या.

"ही आसा बोलते?" सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. "कवापासून?"

मी म्हटलं, मला कल्पना नाही. सासूबाई आता बोलायचं असलं की विहिरीपाशी जातात.

मशीन अंगवळणी पडल्यावर मी एका रविवारी चारही स्नेअर मागच्या खोलीत ओळीने मांडले. पोलादी, मेपल, बर्च, पितळी. मला न्याय हवा होता. सासरे खुर्ची घेऊन बसले, मान वाकडी केली. मी चारही ड्रमवर एकच ठेका मनापासून वाजवला.

"कुठला?" मी विचारलं.

"चारी चांगले हायत."

"पण त्यातल्या त्यात?"

"मना सारखेच वाटतान," ते म्हणाले. "तुमी सगल्यांवर सारखाच वाजवताव." मग कानाजवळ हात नेऊन म्हणाले, "नि जरा हलू. कान फुटतान."

त्या दिवसापासून मी वाजवायला बसलो की ते मशीन काढून डबीत ठेवतात. त्यांना ऐकू यावं म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं, आणि आता मी ऐकू येऊ नये म्हणून ते मशीन काढतात. तक्रार करायला मला कुठेच जागा नाही.

ढोलकीवाले काही दिवस यायचे थांबले. सासऱ्यांनी स्वतःच सगळीकडे सांगितलं होतं, लपवलं नाही. मग एक दिवस शेजारच्या गावातला एक माणूस ढोलकी घेऊन आलाच. सासऱ्यांनी ती मांडीवर घेतली, अंगठ्याने दाबली, जाड बाजूला थाप दिली. बारीक बाजूपाशी हात थांबला. त्यांनी आत हाक मारली. बायको पदर खोचूनच बाहेर आली. तिने ओट्याच्या कडेला बसून टिचकी मारली, दोनदा, तीनदा. मान अगदी किंचित वाकडी केली.

"नको," ती म्हणाली.

सासऱ्यांनी माणसाकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले.

घरी परतताना रिक्षात मी तिला विचारलं, "हे तुला कधीपासून कळतं?"

"लहानपणापासून. ते ओट्यावर ठोकायचे तेव्हा मी तिथेच अभ्यासाला बसलेली असायचे."

मग विचारलंच. "माझ्या पहिल्या स्नेअरच्या तारा ठीक होत्या, हे तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस? तीन स्नेअर आणले मी!"

"तू बाबांना विचारत होतास," ती म्हणाली. "मला कुठे विचारलंस?"

गेल्या दिवाळीआधी आम्हाला नवा, लहान सेट घ्यायचा होता. लग्नाच्या हॉलमधली स्टेजं आता इतकी छोटी करतात की माझा लाल सेट लावला की सरांना कीबोर्ड घेऊन खाली उतरावं लागतं. मी तिला दुकानात घेऊन गेलो. विक्रेता मला लाकडाचे थर समजावत होता, कुठल्या देशातून लाकूड येतं ते सांगत होता. तिला त्याने कोपऱ्यात खुर्ची आणि पाणी दिलं. ती पाणी पिऊन उठली, माझ्या हातातली काठी घेतली आणि मांडलेल्या सेटांमधून हिंडत प्रत्येकावर एकेक ठोका मारत गेली. खिडकीजवळच्या एका करड्या सेटपाशी थांबून तिने पुन्हा मारला. तो दुकानातला सगळ्यात महागही नव्हता, सगळ्यात स्वस्तही नव्हता, आणि मोबाइलवर मी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

"हा घे," ती म्हणाली.

विक्रेता हसून मला म्हणाला, "सर, एक बार आप भी बजाके देख लीजिए."

मी म्हटलं, नको, बांधा.